बेडक्यातली अक्षरं

२०११ साल. मुंबईतल्या एका क्षयरोग प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. आमच्या खिडकीवर दर मंगळवारी एक मावशी यायच्या. मुलगा बावीस वर्षांचा, कुरिअरच्या डिलिव्हरीचं काम करणारा. पाच महिने टीबीच्या गोळ्या नेमाने घेऊनही त्याच्या बेडक्यात जंतू दिसतच होते, म्हणून नमुना कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, आमच्याकडे पाठवला होता.

"मॅडम, आला का हो रिपोर्ट?"

"नाही मावशी, अजून वाढ दिसत नाही. पुढच्या आठवड्यात बघा."

वाढ म्हणजे काय हे त्यांना उमगत नव्हतं आणि खिडकीतून दोन मिनिटांत ते समजावून सांगणं मला जमत नव्हतं. रिपोर्ट तयार झाला तेव्हा अकरावा आठवडा चालू होता. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या टीबीच्या दोन मुख्य औषधांना जंतू दादच देत नव्हते. पोरगा इतके महिने ज्या गोळ्या गिळत होता, त्यांतल्या सगळ्यांत भरवशाच्या दोन त्याच्यासाठी कुचकामी होत्या. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या फळीची औषधं चालली. त्यात कितीतरी महिने जवळजवळ रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन. मुलगा बरा झाला, पण त्या इंजेक्शनांनी त्याचं ऐकू येणं कमी झालं, ते कायमचं.

हा लेख मी त्या अकरा आठवड्यांसाठी लिहिते आहे. तोच बेडका आज आला, तर त्यातल्या जंतूची जनुकं थेट वाचून बहुतेक औषधांबद्दल काही दिवसांत सांगता येतं. हे वाचन नेमकं होतं कसं, त्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे थांबून विचार करायचा, हे एकदा सरळ मराठीत लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

जंतूची वाट पाहणं

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगासमोर मांडला. तेव्हापासून तो शोधायची मूळ रीत फारशी बदललेली नाही. बेडका काचपट्टीवर पसरायचा, लाल रंग घालून गरम करायचा, आम्लाने धुवायचा, मग निळा रंग द्यायचा. बाकी सगळं निळं होतं. टीबीच्या जंतूच्या अंगावर मेणचट थर असतो, त्यामुळे त्याचा लाल रंग धुतला जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक गुलाबी काड्या दिसतात. पहिल्यांदा त्या दिसल्या की काळजात चर्र होतं, ते मला अजून आठवतं.

पण या काड्या बोलत नाहीत. कोणत्या औषधाने मरणार हे त्या सांगत नाहीत. इतकंच काय, माती-पाण्यात राहणारे त्यांचे काही भाऊबंदही अगदी तसेच दिसतात. ते फुप्फुसात शिरले तर टीबीसारखाच आजार होतो, औषधं मात्र वेगळी लागतात.

म्हणून कल्चर. अंडी घालून बनवलेल्या हिरवट माध्यमावर बेडका लावायचा आणि थांबायचं. आपल्या आतड्यातला ई-कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी अठरा ते चोवीस तास लागतात. महिनाभराने, कधी दीड महिन्याने, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी रवाळ, पिवळसर वाढ डोळ्यांना दिसते. मग ती वेगवेगळी औषधं घातलेल्या नळ्यांत पुन्हा लावायची आणि पुन्हा काही आठवडे थांबायचं. ज्या नळीत वाढला, ते औषध बाद. द्रव माध्यमाच्या यंत्रांनी ही वाट बरीच कमी केली, तरी नळीत काहीच वाढलं नाही असं म्हणायला बेचाळीस दिवस थांबावंच लागतं.

मावशींच्या मुलाच्या रिपोर्टला उशीर झाला तो कोणी आळस केला म्हणून नव्हे. जंतूच सावकाश वाढतो.

ध चा मा

जंतू वाढण्याची वाट न पाहता त्याच्या आत लिहिलेलंच वाचलं तर? प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनएचा धागा असतो आणि त्यावर चार रासायनिक अक्षरांत त्याची सगळी कुंडली लिहिलेली असते. ही चार अक्षरं ए, टी, जी आणि सी. टीबीच्या जंतूत अशी सुमारे ४४ लाख अक्षरं आहेत, जनुकं साधारण चार हजार. हा संपूर्ण मजकूर पहिल्यांदा १९९८ मध्ये वाचून झाला. त्यासाठी एच३७आरव्ही नावाचा वाण वापरला होता. १९०५ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाकडून मिळालेल्या जंतूचा हा वंश. आजही जगभर हाच वाण मूळ प्रत मानून बाकीचे जंतू त्याच्याशी ताडून पाहतात.

आता औषधाला दाद न देणं हे या मजकुरात कसं दिसतं? आपल्याकडे नारायणराव पेशव्यांची गोष्ट सांगतात. 'नारायणरावांना धरावे' असा हुकूम होता, त्यात आनंदीबाईंनी ध चा मा केला आणि १७७३ साली गारद्यांनी पेशव्यांना मारलं. इतिहासात ते तसंच घडलं की नाही हा वेगळा विषय, पण एका अक्षराने काय होऊ शकतं हे मराठी माणसाला त्याहून नीट कशाने समजणार नाही.

रिफाम्पिसिनचंच घ्या. जंतूला जगायचं तर जनुकांवरच्या मजकुराच्या कामापुरत्या नकला सतत काढाव्या लागतात. हे काम करणारं एक प्रथिन असतं, छोटं छापखान्याचं यंत्रच म्हणा. रिफाम्पिसिन या यंत्राच्या एका खोबणीत जाऊन बसतं. नक्कल दोन-तीन अक्षरं पुढे सरकते आणि अडकते. छपाई बंद, जंतू खलास. या यंत्राचा एक मोठा भाग आरपीओबी नावाच्या जनुकात लिहिलेला असतो. त्यात ४५० क्रमांकाच्या जागी टीसीजी अशी तीन अक्षरं असतात. मधल्या सी च्या जागी टी आलं, टीटीजी झालं, की प्रथिनाच्या माळेतला त्या ठिकाणचा एक मणी बदलतो, खोबणीचा आकार बदलतो आणि औषधाला बसायला जागा उरत नाही. यंत्र मात्र छापत राहतं. ४४ लाखांतलं एक अक्षर बदललं आणि गोळी निकामी झाली. रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या जंतूंत जगभर सगळ्यांत जास्त दिसणारा बदल हाच.

हे बदल औषधाने घडवलेले नसतात, हेही इथेच सांगायला हवं. नक्कल करताना जंतूकडून चुका होतातच. कोट्यवधी जंतूंत एखादा आधीच तसा निघतो. औषध अर्धवट घेतलं किंवा चुकीचं दिलं, तर बाकीचे मरतात आणि त्या एकाला मोकळं रान मिळतं.

हाक मारणं आणि हजेरी घेणं

इथवर वाचून कोणी म्हणेल, ही तपासणी तर आपल्याकडे तालुक्याला पण होते. बरोबर. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही नावं आता गावोगावच्या आशाताईंना पाठ आहेत. ट्रूनॅटचं यंत्र तर गोव्यातल्या वेर्ण्याच्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं. जिथे एसी नाही, वीज दिवसातून चारदा जाते, अशा आरोग्य केंद्रातही ते चालतं. या यंत्रांनी केलेलं काम फार मोठं आहे. टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, या दोन प्रश्नांची उत्तरं ती दोन-तीन तासांत देतात.

पण ही यंत्रं वाचन करत नाहीत. ती हाक मारतात. गर्दीत उभं राहून "गणपत आहे का?" असं ओरडावं आणि कोणी "ओ" दिली तर गणपत आहे असं समजावं, तसं हे. कोविडच्या काळातली आरटी-पीसीआर हीसुद्धा हाकच होती. ज्याचं नाव आपण घेतलं नाही, तो समोर उभा असला तरी आपल्याला कळत नाही.

याचा फटका कसा बसतो ते आफ्रिकेतल्या एस्वातिनी या छोट्या देशात दिसलं. त्या देशाचं नाव तेव्हा स्वाझिलँड होतं. सीबीनॅटचं यंत्र आरपीओबी जनुकातली फक्त ८१ अक्षरांची एक पट्टी तपासतं, कारण बहुतेक बदल तिथेच सापडतात. एस्वातिनीत २००९ च्या पाहणीत गोळा केलेले नमुने पुढे नीट वाचले, तेव्हा त्यातल्या बहुऔषधरोधी, म्हणजे रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना दाद न देणाऱ्या, जंतूंपैकी सुमारे ३० टक्के जंतूंत बदल त्या पट्टीच्या बाहेर, ४९१ क्रमांकाच्या जागी निघाला. पट्टी तपासणारी चाचणी त्यांना 'रिफाम्पिसिन चालेल' असं सांगणार. रुग्ण ते घेत राहणार, जंतू पसरत राहणार. ही गोष्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

सिक्वेन्सिंग म्हणजे हजेरी. नाव घेऊन विचारायचं नाही, समोर जे लिहिलं आहे ते अक्षर न् अक्षर वाचायचं. वर्तमानपत्रं याला जनुकीय क्रमनिर्धारण म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे सिक्वेन्सिंगच म्हणतात, मीही तेच म्हणते.

वाचतात कसं

बेडका येतो तेव्हा तो घट्ट, ओढला तर तार येणारा असतो. आधी तो पातळ करतात, जंतू मारतात, मग त्याचं चिवट कवच फोडून डीएनए बाहेर काढतात. एवढं करून हाती काय येतं? प्लास्टिकच्या नखाएवढ्या नळीच्या तळाशी पाण्यासारखा एक थेंब. चाळीस-पन्नास मायक्रोलिटर. उजेडात धरला तरी त्यात काहीही दिसत नाही. पहिल्यांदा हे काम करणाऱ्या मुलामुलींना मी नेहमी सांगते, हा थेंब सांडला तर तो माणूस पुन्हा एसटीत बसून येणार आहे.

यंत्र एवढा लांब धागा एका दमात वाचू शकत नाही. म्हणून त्याचे लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला ओळखीची चिठ्ठी जोडतात. मग वाचनाच्या दोन प्रमुख तऱ्हा आहेत. एकीत काचेच्या पट्टीवर तुकडे चिकटवून त्यांच्या नकला एकेक अक्षर जोडत तयार होऊ देतात. प्रत्येक अक्षराला वेगळी चमक असते आणि कॅमेरा प्रत्येक पायरीला फोटो काढत जातो. दुसरीत पातळ पडद्याला अतिसूक्ष्म छिद्र असतं, त्यातून धागा ओढला जातो. पडद्याच्या आरपार वीज वाहत असते आणि जे अक्षर छिद्रातून सरकेल त्याप्रमाणे ती किंचित बदलते. त्या बदलावरून अक्षर ओळखायचं. या दुसऱ्या तऱ्हेचं सगळ्यांत छोटं यंत्र तळहातावर मावतं आणि लॅपटॉपला जोडून चालतं.

हाती येतात ते लाखो तुकडे. एखाद्या पोथीच्या शंभर प्रती कोणी टराटरा फाडल्या आणि कपटे एकत्र केले, तर मूळ पोथी शेजारी ठेवून प्रत्येक कपटा कुठल्या ओळीचा हे लावत बसता येईल. एक ओळ अनेक कपट्यांवर आलेली असणार. हीच खरी गंमत आहे. एकच जागा पन्नास कपट्यांत पन्नास वेळा वाचली गेली आणि पन्नासही वेळा सी च्या जागी टी आलं, तर तो जंतूतला खराखुरा बदल. एकदाच आलं तर बहुधा यंत्राची चूक. आणि पन्नासांत दहा वेळा आलं तर? मग नमुन्यात दोन प्रकारचे जंतू असू शकतात, बहुतेक साधे आणि थोडे बिलंदर. हे थोडे आज थोडे असतात. चुकीच्या औषधावर दोन महिने काढले की तेच सगळे होतात. रिपोर्टातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि वरवर वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच सुटते.

इंग्लंडने टीबीच्या जंतूचा संपूर्ण मजकूर नेहमीच्या तपासणीत वाचायला २०१७ मध्ये सुरुवात केली. पण त्यासाठी डीएनए भरपूर लागतो, म्हणून आधी द्रव माध्यमात जंतू थोडा वाढवावा लागतो. ती वाट पाहणं उरतंच. यावर तोडगा म्हणून सगळी ४४ लाख अक्षरं सोडून फक्त औषधांशी संबंधित पानं निवडायची, बेडक्यातूनच त्यांच्या भरपूर नकला काढायच्या आणि तेवढंच वाचायचं. याला टार्गेटेड सिक्वेन्सिंग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये याला मान्यता दिली. कल्चर नको, आणि एकाच वाचनात दहा-बारा औषधांची माहिती. माझ्या मते भारतासारख्या देशासाठी हीच वाट जास्त उपयोगाची आहे. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांपैकी एकाहून थोडे अधिक आपल्या देशात आहेत.

पण अक्षर बदललेलं दिसलं म्हणजे त्याचा अर्थ कळला असं नाही. त्यासाठी शब्दकोश लागतो. हा बदल असला की हे औषध चालत नाही, तो बदल निरुपद्रवी आहे, असं हजारो जंतू एकीकडे वाचून आणि दुसरीकडे औषधात वाढवून पाहून ठरवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने असा पहिला कोश २०२१ मध्ये काढला, त्यामागे ३८ हजारांहून अधिक जंतूंची माहिती होती. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ५२ हजारांवर गेली. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिडची पानं या कोशात भरगच्च आहेत. पायराझिनामाइड या टीबीच्याच आणखी एका औषधाशी संबंधित जनुक पीएनसीए, त्यात बदल कुठेही होऊ शकतो, एक ठरलेली जागा नाही. तिथे हाक मारणारी चाचणी उपयोगाचीच नाही, वाचावंच लागतं. आणि बेडाक्विलिनचं पान अजून विरळ आहे. त्या औषधाशी संबंधित एका जनुकात नाना तऱ्हांचे बदल सापडतात, त्यातले कोणते खरंच घातक हे सगळं ठरलेलं नाही. रिपोर्टात 'अर्थ अनिश्चित' असं लिहून येतं आणि डॉक्टर वैतागतात. त्यांचं वैतागणं मी समजू शकते, पण खोटी खात्री देण्यापेक्षा ते दोन शब्द बरे.

हे बेडाक्विलिन साधंसुधं औषध नाही. बहुऔषधरोधी टीबीसाठी आता बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा, नुसत्या गोळ्यांचा उपचार आहे आणि भारत सरकारने २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली. इंजेक्शन नाही, कान जायचं भय नाही. मावशींच्या मुलाला हे मिळालं असतं तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच या चार औषधांना जंतू दाद देतो का हे आधी वाचणं इतकं महत्त्वाचं. मुंबईने यातली चूक एकदा पाहिली आहे. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण प्रसिद्ध केले होते. चांगली औषधं एकेक करून कशी हातची जातात, ते त्या चौघांच्या आजाराने दाखवलं.

जंतू कोण हेच ठाऊक नसेल तेव्हा

इथपर्यंत टीबीचा संशय आधीच होता. पण न्यूमोनियाचा रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे, नेहमीच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह आहेत, कल्चरला काही वाढत नाही, आणि कोणाच्या नावाने हाक मारायची हेच कळत नाही, तेव्हा? तेव्हा नमुन्यात जे जे काही आहे ते सगळंच वाचतात. याला मेटाजिनोमिक्स म्हणतात. बहुतेकदा बेडक्याऐवजी दुर्बिणीने फुप्फुसात थोडं सलाईन सोडून परत ओढून घेतात, ते धुवण वापरतात.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपण सगळे जगलो आहोत. डिसेंबर २०१९ च्या शेवटी वूहानच्या मासळी बाजारात काम करणारा एक माणूस ताप, खोकला, छातीत जडपणा घेऊन दवाखान्यात दाखल झाला. त्याच्या फुप्फुसातलं धुवण शांघायचे विषाणू-संशोधक झांग योंगझेन यांच्या चमूकडे गेलं. तिथे साडेपाच कोटींहून अधिक तुकडे वाचले गेले. ते जुळवले तेव्हा एक सलग मजकूर हाती लागला, सुमारे ३० हजार अक्षरांचा, आणि वटवाघळांतल्या एका ज्ञात कोरोना विषाणूशी सुमारे ८९ टक्के जुळणारा. ११ जानेवारी २०२० रोजी तो सर्वांसाठी खुला झाला. हाक मारून हा विषाणू कधीच सापडला नसता, त्याला नावच नव्हतं. त्या मजकुरावरून मग जगभर हाका मारायच्या चाचण्या बनल्या. पुढे २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांच्या वाचनातून बी.१.६१७ हे कूळ लक्षात आलं, त्याच्याच एका शाखेला नंतर डेल्टा म्हटलं गेलं. ते वाचन साथीवर नजर ठेवण्यासाठी होतं, एकेका रुग्णाच्या उपचारासाठी नव्हतं. 'माझं जिनोम सिक्वेन्सिंग केलं, मग मला रिपोर्ट का नाही दिला?' असं तेव्हा खूप जण विचारत, त्याचं कारण हे.

नेहमीच्या रुग्णासाठी हे करायचं तर मोठी अडचण येते ती आपल्या स्वतःच्या डीएनएची. फुप्फुसातल्या नमुन्यात रुग्णाच्या पेशी खच्चून भरलेल्या असतात. वाचलेल्या तुकड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक, पुष्कळदा नव्व्याण्णव टक्के माणसाचेच निघतात. पोतंभर तांदूळ निवडायचे आणि खडे मिळायचे दोन-चार. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या संशोधकांनी यावर फार सुरेख उपाय दाखवला. आपल्या रिठ्यात, शिकेकाईत फेस आणणारं जे द्रव्य असतं, त्या सॅपोनिन वर्गातलं द्रव्य नमुन्यात घालायचं. माणसाच्या पेशी नाजूक, त्या फुटतात. जिवाणूंची भिंत जाड, ते टिकतात. मग बाहेर सांडलेला माणसाचा डीएनए विकराने चावून टाकायचा. त्यांनी अशा रीतीने माणसाचा डीएनए ९९.९९ टक्क्यांपर्यंत काढून टाकला आणि सहा तासांत जिवाणूचं नाव सांगितलं. नंतर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ही तपासणी रोजच्या कामात आणून पाहिली गेली. सकाळी नमुना, संध्याकाळी उत्तर. रिठ्याच्या फेसाने हे साधलं याचं मला आजही अप्रूप वाटतं. विषाणू मात्र या रीतीत हातचे निसटू शकतात, त्यांच्यासाठी वेगळी तयारी करावी लागते.

नेहमीच्या कल्चरमध्ये न वाढणारे जंतूही असे सापडतात. पोपट, कबुतरं, कोंबड्या यांच्याकडून माणसात येणारा सिटॅकोसिस हा न्यूमोनिया पूर्वी क्वचितच ओळखला जायचा. चीनमध्ये मेटाजिनोमिक्स रुळल्यावर तो बराच दिसू लागला. त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखं जुनं, स्वस्त औषध चालतं, पण आजाराचं नाव कळलं तर ना.

आता सावधगिरीची बाजू, आणि ही मी जरा ठासून सांगते. हजेरीत नाव लागलं म्हणजे त्याने गुन्हा केला असं होत नाही. आपल्या तोंडात, घशात असंख्य जंतू सुखाने नांदत असतात आणि बेडका त्याच वाटेने बाहेर येतो. रिपोर्टात पंधरा नावं येतात, त्यात कॅन्डिडा नावाची बुरशी हमखास असते आणि बहुतेक वेळा तिचा न्यूमोनियाशी काही संबंध नसतो. रिपोर्टात आलेल्या प्रत्येक नावावर एकेक अँटिबायोटिक चालू केलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. त्याने रुग्णाचं भलं होत नाही. शिवाय रसायनांच्या बाटल्यांतसुद्धा जंतूंचा मेलेला डीएनए सापडतो, म्हणून नमुन्यांबरोबर एक कोरी नळीही वाचावी लागते, त्यात काय दिसतं ते बघायला. मेलेल्या जंतूचा डीएनए फुप्फुसातही बराच काळ रेंगाळतो. टीबी बरा होत आलेल्या माणसाच्या बेडक्यात अक्षरं सापडली तर घाबरून पुन्हा उपचार सुरू करायचे नाहीत. जंतू जिवंत आहे का, हे आजही कल्चरच सांगतं. म्हणून आमच्या त्या हिरवट नळ्या कपाटातून गेलेल्या नाहीत आणि जाऊही नयेत.

एक उपयोग थोडक्यात सांगते. टीबीच्या जंतूत साधारण दोन वर्षांत एखादंच अक्षर बदलतं. दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असला, तर लागण अलीकडेच एकाकडून दुसऱ्याकडे किंवा एकाच तिसऱ्याकडून झाली असण्याची शक्यता मोठी. एकाच वस्तीत, एकाच कारखान्यात रोग कसा फिरतो हे त्यावरून धरता येतं. यात कोणाला दोषी ठरवायचं नसतं. पुढच्या कोणाची तपासणी आधी करायची, ते यातून समजतं.

खिडकीच्या अलीकडून

सिक्वेन्सिंगची ही तपासणी अजून प्रत्येक जिल्ह्यात होत नाही, आणि सर्दी-खोकल्याला ती लागतही नाही. पण घरात कोणाला टीबी निघाला, तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅटचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना एवढं विचाराच: कोणकोणत्या औषधांसाठी तपासलं आहे? 'रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह' म्हणजे फक्त रिफाम्पिसिनबद्दलचं उत्तर आहे. आयसोनियाझिडचं काय, ते वेगळं विचारावं लागतं. दोन महिने औषध नीट घेऊनही खोकला, ताप हटत नसेल, वजन वाढत नसेल, किंवा पूर्वी एकदा टीबीचे उपचार झालेले असतील, तर पुढची तपासणी कुठे होईल हे आग्रहाने विचारा.

आणि हे सगळं ज्यावर उभं आहे तो नमुना. आमच्याकडे येणाऱ्या डब्यांत नुसती लाळ असलेले कितीतरी असतात. लाळेतून कोट्यवधी रुपयांचं यंत्रही तोंडातले जंतूच वाचणार. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. घरात कोंडून नको, गॅलरीत किंवा अंगणात मोकळ्या हवेत या, जवळ कोणी नसू द्या. दोनदा खोल श्वास घेऊन सोडा, तिसऱ्यांदा छातीच्या तळापासून खोका. घट्ट, पिवळसर येईल तो बेडका, तो डबीत थेट टाका. अर्धा ते एक छोटा चमचा पुरे. झाकण घट्ट फिरवा आणि डबी उभीच धरून आणा. वाटेत सांडलेली डबी आम्हाला परत पाठवावी लागते. पालघरहून पहाटेची लोकल धरून आलेल्या माणसाला "उद्या पुन्हा या" सांगण्याइतकं जड काम या खिडकीत दुसरं नाही.